पुनवेआधी होडी लोटायची नाही

मुरुडला मी ज्यांच्या माडीवर भाड्याने राहत होते, ते चाचा साऱ्या जगाला तारे वाटायचे. मोबाइलवर हॉटेलांना आणि मिक्सरांना देतात ते तारे, पाचपैकी. चाचींच्या घावण्यांना चार; नारळाचं दूध पातळ पडलं तर अडीच. अलिबागहून येणाऱ्या पहिल्या एसटीला दोन. मशिदीच्या भोंग्याला दीड, कारण तो खरखरायचा. अजान देणाऱ्याला मात्र पूर्ण पाच, कारण तो त्यांचा साडू होता. एकदा मागच्या मोहल्ल्यातल्या मयतीहून परतले, ओट्यावर पाय धुतले आणि टॉवेलला हात पुसत म्हणाले, "चार. माणसं लय व्हती. एक तारा कापला. कबर उथळ."

चाचींनी कपाळावर हात मारून घेतला. "मेलेल्याला तरी सोडा!"

"मेलेल्याला कुठं कापला? खणणाऱ्याला कापला."

मी तिथल्या ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवायला गेले होते. खोली बघायला आले तेव्हा चाचांनी पाण्याची वेळ सांगितली नाही, की दिव्याचं बटण दाखवलं नाही. चष्मा नाकावर ओढून एवढंच विचारलं, "म्याडम, इंग्लिश शिकवता म्हंजे स्पेलिंगा येत असतील?" येतात म्हटल्याबरोबर चावी हातात आली. मला वाटलं, शिकलेल्या माणसाची कदर आहे.

कदर कसली! त्यांना फुकटचा कारकून हवा होता. चाचांची मुलगी नसरीन नर्स होती, गावातल्याच एका दवाखान्यात. तिला आखातातल्या मोठ्या इस्पितळात जायचं होतं आणि त्यासाठी इंग्रजीची परीक्षा द्यायची होती. इंग्रजी वाचायची सवय व्हावी म्हणून कुणा मैत्रिणीने तिला मोबाइलवर एक गेम घालून दिला होता. त्या गेममध्ये उड्या नव्हत्या, बंदुका नव्हत्या, साधं चित्रसुद्धा नव्हतं. नुसता मजकूर. दोन पानं वाचायची, खाली दोन-तीन पर्याय येतात, त्यातला एक दाबायचा, की गोष्ट तिकडे वळते. गोष्ट ग्रीक लोकांच्या पुराणावरून बेतलेली. समुद्राचा तापट देव, मेलेल्यांना नदीपार नेणारा नावाडी, माणसाच्या आयुष्याचा दोरा कातणाऱ्या आणि मनात येईल तेव्हा कापणाऱ्या तीन म्हाताऱ्या. आपण एका बेटावरचा तरुण मच्छीमार. आपल्या थोरल्या भावाला समुद्राच्या देवाने पाताळात ओढून नेलंय आणि त्याला सोडवून आणायला आपण निघायचं.

पोर मोबाइलात डोकं घालून काय वाचते ते बापाला ठाऊक असायला हवं, म्हणून चाचांनी तोच गेम आपल्याही मोबाइलात घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी केस विंचरत होते तेवढ्यात ते जिना चढून दारात उभे. गेमबद्दलचं त्यांचं मत इंग्रजीत लिहून तयार होतं. स्पेलिंगा तपासायच्या होत्या. मराठीत सांगायचं तर मजकूर असा होता: अत्यंत लहान गेम. पाच मिनिटांत संपतो. लेखकाने समुद्र पाहिलेला नाही. लोकांनी वेळ घालवू नये. एक तारा.

मी दोन-चार शब्द सुधारले आणि एक वाक्य जरा सौम्य केलं. चाचांनी ते वाचलं आणि सौम्य केलेलं वाक्य परत होतं तसं करून घेतलं. "म्याडम, स्पेलिंग तुमचं, मत माझं."

ते मत जगापुढे गेलं. खाली इतर खेळणाऱ्यांची मतं होती. कुणी परदेशी बाईने लिहिलं होतं की ती अख्खा हिवाळा खेळत होती आणि भाऊ भेटतो तिथे ढसाढसा रडली. कुणी लिहिलं होतं, किती वेळा खेळलो तरी दर वेळी शेवट निराळा. चाचांनी ही सगळी मतं माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतली, आणि निकाल दिला, "विकलेली माणसं हायेत ही." मग त्या प्रत्येकाला उत्तर लिहायला बसले. त्या रडलेल्या बाईला त्यांनी लिहिलं की डोळे तपासून घ्या.

अशा माणसाला कुणी वेडा म्हणून सोडून दिलं असतं, पण चाचांचं वेड सांसर्गिक होतं. बाजारातल्या मेडिकलवाल्या भाऊंना त्यांनी "येवढा भिकार गेम तुम्ही बघायलाच पायजे" असं इतक्यांदा सांगितलं, की भाऊंनी तो घेतला आणि त्यांना तो बेहद्द आवडला. पाठोपाठ मीही घेतला. इंग्रजीच्या बाईने मागे राहणं बरं दिसलं नसतं. मग रोज संध्याकाळी मेडिकलच्या पायरीवर आमची सभा भरू लागली. नसरीन ड्यूटीवरून येताना तिथेच थांबायची. खोकल्याचं औषध मागायला आलेल्या माणसाला आधी पाताळाची माहिती ऐकावी लागे.

भाऊंचं मत असं की पर्याय नावालाच आहेत. "डावीकडून जावा नाय तर उजवीकडून, पोचता पाताळातच. आमची गिऱ्हाइकं बघा. कुणी पथ्य पाळतो, कुणी नाय पाळत, जायचा तो जातोच."

नसरीनला ते पटायचं नाही. "भाऊ, पोचता तिथंच, पण कसं निघालात त्यावर सगळं हाय. आईशी खोटं बोलून निघालात ना, तर पुढं ती स्वप्नात येते तेव्हा तोंड फिरवते. मी दोनदा तशी खेळले. दोन्ही वेळा मना झोप न्हाय लागली."

माझं म्हणणं वर्णनाबद्दल होतं. डोक्यावर सापांचे केस असलेली, बघणाऱ्याचा दगड करणारी बाई येते, तर तिच्या गुहेतल्या शेवाळाचं वर्णन काही केल्या संपत नाही. ती बघेपर्यंत माणूस वाचून वाचूनच दगड होतो.

चाचा डोळे मिटून सगळ्यांचं ऐकून घ्यायचे. शेवटी म्हणायचे, "ही तुमची मतं झाली वरच्या मजल्याची. पाया बघा. पायाच कच्चा हाय." हे ते अशा थाटात म्हणत की आम्हालाही वाटे, आपल्याला न दिसलेलं काहीतरी या माणसाला दिसलंय. दुसऱ्या दिवशी त्यांचं नवं मत छापून आलेलं असे. नावाड्यावर तर त्यांनी भलंमोठं लिहिलं: भरती-ओहोटी न बघता नाव सोडतो, उतारूंना धड बसवत नाही, आमच्या राजपुरीला असा नावाडी असता तर लोकांनी धक्क्यावरच बदडला असता. भाऊ ते वाचून खूश झाले. म्हणाले, नावाडी मीसुद्धा एवढ्या बारकाईने पाहिला नाही.

पाहणार कुठून! चाचांनीही पाहिला नव्हता, पायरीवर आमच्याकडून नुसता ऐकला होता. पण ते पुढे कळलं.

झालं काय, एक दिवस गेम बनवणाऱ्यांचं चाचांना उत्तर आलं. मोठं अदबशीर. आपण वारंवार मत कळवता याबद्दल आभारी आहोत, आपण कोणत्या प्रकरणापर्यंत पोचलात ते सांगाल का, म्हणजे आम्हाला सुधारणा करता येईल. चाचा संतापाने लाल झाले. "मना विचारतो कुठवर पोचलास! मी संपवून बसलोय!"

भाऊंनी गोळ्यांची पाकिटं मोजता मोजता मान वर केली. "चाचा, पण तुम्ही संपवलात म्हंजे कसा संपवलात? मी अजून नदीपाशीच हाय."

"पाच मिनटांत संपतो, म्हणून तर बोंबलतोय ना! बघा."

आणि चाचांनी आमच्यासमोर खेळून दाखवलं. पहिलं पान उघडलं. धो धो पाऊस, नैर्ऋत्येचा वारा, माडाएवढ्या लाटा, किनाऱ्यावर रडणारी आई, आणि दोर सोडायला टेकलेली होडी. खाली दोन पर्याय. होडीत चढ. किनाऱ्यावर थांब. चाचांनी क्षणभरही विचार न करता 'थांब'वर बोट दाबलं. पडद्यावर ओळी आल्या: तू थांबलास. होडी तुझ्याशिवाय गेली. तुझी गोष्ट इथे संपते.

"बघा," चाचा म्हणाले आणि मोबाइल आमच्यापुढे गोल फिरवला. "संपला."

मग भाऊ असे हसले की त्यांना काउंटर धरावं लागलं. "अहो चाचा, चढा की! होडीत चढल्याबिगर गेम चालूच होत नाय! महिनाभर तुम्ही पहिल्या पानावर बसून अख्ख्या गेमला शिव्या घालताय!"

"चढा?" चाचा उसळले. "आभाळ काय लिवलंय ते वाचलंत? नारळी पुनवेआधी होडी लोटतं कोण? दर्याला नारळ न्हाय वाहिला, काय न्हाय, आणि निघाले! आमच्या कोळीवाड्यातलं शेंबडं पोर सांगंल, थांब म्हणून. मी थांबलो म्हंजे कायमचा थांबलो का? पुनव झाली की निघणारच व्हतो. पण त्या दीडशहाण्यानं वाट बघायचा पर्यायच ठेवला न्हाय!"

चाचा पाच वक्ताचे नमाजी, पण समुद्राच्या बाबतीत मुरुडात सगळ्यांचं पंचांग एकच. पुनवेला नारळ पडल्याशिवाय होडी पाण्यात जात नाही, मग होडी कुणाचीही असो. त्यांचं म्हणणं किनाऱ्याच्या न्यायाने बिनतोड होतं. फक्त तो न्याय त्यांनी ज्याला लावला होता त्या बेटावर नारळ नव्हता, पुनव नव्हती, आणि होडी कुणासाठी थांबणार नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून चाचांना बाजारात फिरणं कठीण झालं. मासळीवाल्या बायका विचारायच्या, "चाचा, चढलाव का?" एसटीचा कंडक्टर दारातून ओरडायचा, "चाचा, पुनव कधी हाय?" मीसुद्धा जिन्यात भेटले की विचारत असे, कारण संधी चांगली होती आणि माझ्या नावावर त्यांच्या इतक्या भिकार वाक्यांच्या स्पेलिंगा जमा होत्या. चाचांनी बाजाराला एक तारा दिला.

मग एका दुपारी चाची मागच्या पडवीत सुक्या बोंबलांची डोकी काढत बसल्या होत्या. मी शेजारी बसले आणि हसत हसत तीच गोष्ट काढली. चाची हसल्या नाहीत.

"त्यांना हसू नका, म्याडम. ह्यांचा पण व्हिसा आलता एकदा. लगीन नवं नवं व्हतं आमचं. आखातात स्टोअरकीपरची नोकरी, खोली कंपनीची. दिवस पावसाळ्याचे. हे म्हणाले, अम्मीची कौलं गळतात, पावसाळा जाऊ दे, नारळी पुनव झाली की निघतो." चाचींनी एक बोंबील जोराने मोडला. "तुम्हीच सांगा, विमानाला पुनव कशाला लागते?"

"मग?"

"मग काय! एजंट थांबतो व्हय? त्यानं ह्यांच्या धाकट्या भावाला पाठवला. तो बघा त्याचा बंगला."

बंगला मी रोज बघत होते. चाचांच्या ओट्यासमोरच उभा होता. काचेचे कठडे, स्टीलचे खांब, आणि दर्शनी भिंतीला न्हाणीघरात शोभतील अशा फरश्या. चाचा वर्षानुवर्षं त्याच्याकडे तोंड करून चहा पीत आले होते. त्याला त्यांनी किती तारे दिलेत हे मी एकदा विचारलं होतं, तर म्हणाले होते, "त्याला द्यायचे न्हाईत. घरचा माणूस हाय."

मला वाईट वाटलं, अगदी खरं. पण ते फार वेळ टिकलं नाही, त्याची जागा रागाने घेतली. कारण त्याच आठवड्यात नसरीन परीक्षा पास झाली होती. इस्पितळाचं बोलावणं आलं होतं, ऐन पावसात हजर व्हायचं होतं, आणि तारीख पुढे ढकलणार नाही असं त्यांनी स्पष्ट कळवलं होतं. चाचांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पावसाळा जाऊ दे."

अठ्ठावीस वर्षांची पोर, स्वतःच्या हिमतीवर परीक्षा दिलेली. आपल्या पायांनी निघाली असती तर कोण अडवणार होतं? पण नसरीनचं एकच. "अब्बांनी जा म्हटल्याबिगर मी जाणार न्हाय. तोंड चुकवून गेल्यासारखं मना न्हाय जायचं." गेममधली तोंड फिरवणारी आई तिच्या मनातून गेली नव्हती.

आम्ही समजावून थकलो. मी इंग्रजीत समजावलं, भाऊंनी दुकान पोऱ्यावर टाकून येऊन समजावलं. चाचांपाशी प्रत्येकाला उत्तर होतं. रस्ते खचलेत, आभाळ फाटलंय, नव्या माणसाने पावसात घर सोडू नये. शेवटी तर त्यांनी सरकारला साक्षीला काढलं. "मांडव्याहून मुंबईला जाणाऱ्या लाँचीसुद्धा बंद केल्यात. सरकारला कळतं, तुम्हाला कळत न्हाय?"

नसरीन शांतपणे म्हणाली, "अब्बा, एसटी चालू हाय."

चाचा उठून वाडीत सुपाऱ्या गोळा करायला गेले. सुपारीचे ते दिवस नव्हते.

जायच्या दिवशी सकाळी ते घरातून नाहीसेच झाले. नसरीन बॅग भरून दारात बसून राहिली. चाचींचे गुडघे त्यांना ओट्याखाली उतरू देत नव्हते, पण जीभ शाबूत होती. "ऊठ! ह्यांचा 'जा' येईपर्यंत तू म्हातारी व्हशील. म्याडम, तुम्ही हिला विमानावर घालून या, नाय तर ही अर्ध्या वाटेतून पळून येईल." मी रजा टाकली. नसरीन माझ्याबरोबर एसटीत बसली खरी, पण बॅग वर ठेवू देईना. मांडीवर घेऊन बसली, उतरायला बरी पडते तशी.

गाडी स्टँडातून निघाली आणि वळणावर कचकन थांबली. रस्त्याच्या मधोमध चाचा उभे. लुंगी, सदरा, एक काडी मोडलेली छत्री. ते वर चढले. अख्खी गाडी बघत होती. नसरीनचा चेहरा पांढराफटक पडला, आणि मला वाटलं, आटोपलं सगळं. आता हाताला धरून उतरवणार.

चाचा तिच्या शेजारी बसले. कंडक्टरला म्हणाले, "एक नांदगाव. तिथं उतरतो."

नांदगाव येईपर्यंत त्यांनी तिला परक्या मुलखात काय खाऊ नये ते सांगितलं. नांदगाव आलं. चाचांनी बाहेर बघितलं. "पाऊस लय हाय. काशीदला उतरतो." कंडक्टरने काशीदचं तिकीट फाडलं. काशीदला ते रेवदंड्याला उतरणार होते, कारण काशीदला आडोसा नाही. रेवदंड्याला ते अलिबागला उतरणार होते, कारण तिथे परतीची गाडी लगेच मिळते. कंडक्टर वैतागून म्हणाला, "चाचा, एकदम मुंबईचं काढा की!"

"मुंबईला कोण चाललाय?" चाचा म्हणाले.

दर थांब्याला नसरीन त्यांच्याकडे बघायची आणि तिच्या हाताची बोटं बॅगेच्या पट्ट्यावर आवळायची.

अलिबागला गाडी जास्त वेळ थांबते. चाचा उठले आणि खाली उतरून गर्दीत शिरले. नसरीनने एकदा दाराकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग तीही उठली. बॅग खांद्याला अडकवली. "म्याडम, मना न्हाय जमायचं," असं म्हणून ती दोन सीटांमधल्या वाटेत आली. मी तिचा दंड धरला, तो तिने सोडवून घेतला.

तेवढ्यात चाचा भज्यांचा पुडा घेऊन वर चढले. तिला उभी बघितली, खांद्यावरची बॅग बघितली. छत्रीचं पाणी तिच्या पायावर ठिबकत होतं. ते म्हणाले, "बस खाली. सीट जाईल."

ती बसली. चाचांनी बॅग तिच्या खांद्यावरून काढली आणि वरच्या फळीवर ठेवली. पेणला उतरतो असं ते एकदा पुटपुटले, पण पेणला त्यांना झोप लागली होती, किंवा त्यांनी लावून घेतली होती. पनवेलला तर त्यांनी डोळे उघडलेच नाहीत.

विमानतळाच्या दारात लुंगीवरचा हा माणूस बघून रखवालदाराने तिकीट विचारलं, तर चाचांनी सदऱ्याच्या खिशातून एसटीच्या तिकिटांचा चोळामोळा काढून त्याच्या हातावर ठेवला. रखवालदाराने तो परत केला आणि त्यांना बाजूला उभं केलं. नसरीन आत गेली. काचेपलीकडून तिने हात केला. चाचांनी छत्री उचलून दाखवली आणि ती दिसेनाशी झाल्यावरही बराच वेळ उचलूनच धरली. शेवटी मीच ती त्यांच्या हातातून घेतली.

दुसऱ्या दिवशी आम्ही मुरुडला उतरलो तेव्हा बातमी आमच्या आधी पोचली होती. भाऊ दुकानातून ओरडले, "चाचा, चढलात म्हणे!" ओट्यावर चार शेजारणी जमल्या होत्या, समोरच्या बंगल्याच्या कठड्यावरूनही कुणी कुणी वाकून बघत होतं. चाचांनी सगळ्यांना मिळून उत्तर दिलं. "मी कुठं गेलो? मी उतरतच व्हतो. पावसानं उतरू दिलं न्हाय."

चाची सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मान खालीच ठेवून म्हणाल्या, "बरं झालं, न्हाय उतरलात ते. येका जागी जरी उतरला असतात, तर पोर मागनं उतरली असती."

शेजारणी हसायच्या थांबल्या. चाचा चपला काढता काढता अडले.

"ठाऊक व्हतं," ते म्हणाले, आणि ओली छत्री वाळत घालायला मागच्या पडवीत गेले.